पूजेतली दुर्बीण

खंडेनवमीला लालासाहेबांनी तलवार, कोयता आणि ट्रॅक्टरचा पाना यांच्या शेजारी धाकट्या भावाची दुर्बीण मांडली, तिला झेंडूचा हार घातला आणि दोन्ही भिंगांवर कुंकवाची बोटं ओढली. भिंगांवर! चंद्राबाईंनी ते दारातून बघितलं आणि त्यांच्या जिवाचा संताप झाला. सारी हयात फौजेत काढलेल्या माणसाला एवढंही कळू नये? पण थोरल्या दिरापुढं तोंड उघडायचं नाही, हे त्या लग्न होऊन आल्या तेव्हाच शिकल्या होत्या. त्यातून नवरा, उदयसिंह, आषाढात गेलेले. वर्ष होईपर्यंत सणात पुढं यायचं नाही आणि गावभर हिंडायचं तर नाहीच नाही.

"उद्या सीमोल्लंघन झालं की दुर्बीण वीरधवल पुण्याला घिऊन जाईल," लालासाहेब म्हणाले. वीरधवल हा त्यांचा मुलगा. "हत्यार हाय ते. पुरुषाच्या घरात शोभतंय. ऱ्हाईल त्येच्या शोकेसात."

शोकेसात म्हणे! उदयसिंह पेन्शनवर आले तेव्हा त्यांच्या बरोबरीचे लोक पारावर पत्ते कुटत बसले आणि हे बायकोला घेऊन तळी हिंडायला लागले. गाव हसलं. हसलं तर हसलं. शेकाट्या, धोबी, हळदीकुंकू बदक, एकेक पाखरू त्यांनी बायकोला ओळखायला शिकवलं, आणि पुढं पुढं तीच त्यांना दाखवायला लागली. दसऱ्याला आटपाडीकडच्या तलावांचा फेरा ठरलेला. थंडीला उत्तरेकडनं येणारा पहिला चक्रवाक ज्याला आधी दिसेल, त्याला दुसऱ्यानं भजी चारायची. भजी बहुतेक वेळा उदयसिंहांनाच चारावी लागली. दुर्बीण गेली म्हणजे हे सगळंच गेलं. उरलं काय, तर घराचा कोपरा.

पूजेत मांडलेलं हत्यार सीमोल्लंघनाआधी हलवायचं नसतं. दसऱ्याच्या सकाळी लालासाहेब आंघोळीला गेले आणि चंद्राबाई सरळ त्यांच्या सोप्यात शिरल्या. हार काढून तलवारीला घातला, दुर्बीण गळ्यात अडकवली आणि स्कूटी काढून शेजारच्या हरणाबाईला हाक मारली.

"आगं बया, पूजेतली उचललीस?" हरणाबाईनं तोंडाला पदर लावला.

"माझ्या नवऱ्याची हाय ती. देवाची न्हवं. मागं बस, न्हाईतर घरात बस."

हरणाबाई मागं बसली. तिचंही कपाळ मोकळंच. नवरा जाऊन एवढी वर्षं झाली होती, की आता तिला कुणी विचारतही नसे.

ऑक्टोबरचं ऊन चटके देत होतं. पहिल्या तलावावर नुसते बगळे. दुसऱ्या तलावावर हळदीकुंकू बदकांची जोडी, चोचीच्या बुडाशी लाल, टोकाला पिवळी. चंद्राबाईंनी ती नुसत्या डोळ्यांनीच ओळखली आणि स्कूटी पुढं हाणली. मोठ्या धरणाच्या भिंतीवर पोचल्या तोच पाण्याकडनं आवाज आला, आंग, आंग! त्यांनी घाईनं दुर्बीण डोळ्याला लावली, तर सगळं लाल धूसर.

"घाला आणखी कुंकू!" त्या करवादल्या. एक भिंग कसंबसं बोटानं पुसलं, कपाळावर आलेले केस मागं सारले आणि एक डोळा मिटून बघितलं. पलीकडच्या गाळावर दोन चक्रवाक उतरत होते, विटकरी अंगाचे, पांढऱ्या डोक्यांचे.

"आवं, आलं बगा!"

त्या वळल्या. शेजारी हरणाबाई होती. चंद्राबाईंना भडभडून आलं. आषाढापासून दाबून ठेवलेलं रडं तिथं भिंतीवर मोकळं झालं.

हरणाबाई मात्र डोळे विस्फारून बघत होती. "चंद्रे, कपाळाला काय केलंस?"

स्कूटीच्या आरशात चंद्राबाईंना कपाळावर कुंकवाचं आडवं बोट दिसलं. पुसायला त्यांनी पदर उचलला आणि तसाच सोडून दिला.

"न्हाई पुसत. त्या बदकानं हळदीकुंकू चोचीवर मिरवायचं, आन् मी काय पाप केलंय? जा, सांग जा गावात."

हरणाबाई जवळ सरकली. मग हळूच म्हणाली, "मलाबी लाव की गं."

दुसऱ्या भिंगावर अजून शिल्लक होतं. चंद्राबाईंनी तिला ठसठशीत लावलं. भिंतीखाली आपट्याचं झाड होतं. हरणाबाईनं त्याची फांदी मोडून घेतली आणि उतारानं येताना ती चक्क गाणं म्हणत होती.

दिवस कलता त्या शिवेवर आल्या, तर गावचे सगळे पुरुष हलगी लावून तिथंच जमलेले. स्कूटी दिसली आणि हलगी थांबली. लालासाहेब फेट्याचा शेमला झटकत पुढं आले.

"पूजेतलं उचलून न्हेलंस? आन् कपाळाला हे काय? लाज हाय का न्हाई?"

चंद्राबाईंचा हात सवयीनं पदराकडं गेला. पण आज त्यांनी पदर पुढं ओढला नाही. फांदीची पानं तोडली आणि आयुष्यात पहिल्यांदा दिराच्या डोळ्यांत बघून त्या बोलल्या.

"सोनं घ्या, भावजी. आमी शीव सकाळीच वलांडली."

दसऱ्याला पुढं केलेलं सोनं नाकारायची रीत नाही, आणि रीतीचा तर लालासाहेबांना केवढा सोस. सगळं गाव बघत होतं. त्यांचा हात पुढं आला. त्यांनी सोनं घेतलं, आणि मग हलक्या आवाजात म्हणाले, "दुर्बीण तेवढी दे."

"न्हाई द्यायची. फुडल्या खंडेनवमीला तुमीच मांडा, मी आणून दीन. पर एक ध्यानात ठेवा, भावजी. कुंकू भिंगाला लावत न्हाईत, कपाळाला लावत्यात."

एवढं बोलून त्यांनी स्कूटी चालू केली. पुरुष बाजूला सरले, आणि दोघी गावात शिरल्या.