उद्यासाठी कालवलेला रंग

मित्रांनो, मी एक जुनी रंगपेटी आहे. माझा जन्म शिलाई मशीनच्या खणातून झाला.

ताई कपडे शिवायची. तिचा धाकटा भाऊ उघड्यावर बसून तैलरंगांत चित्रे काढायचा. घरी येईपर्यंत त्याचे उरलेले ओले रंग पिशवीला, शर्टाला, सायकलीलासुद्धा लागलेले असत. एकदा गिऱ्हाइकाच्या पांढऱ्या झग्यावर निळा डाग पडला. ताईने कपाळावर हात मारला आणि मशीनचा खणच ओढून बाहेर काढला.

"दोरे-बटणं ठेवीन मी डब्यात. तुझा पसारा आता यात!"

तिने माझ्या तळाशी राखाडी कागद घालून वर रंग कालवायला काच बसवली. प्लायवूडचे झाकण आणि जुन्या पर्सचा पट्टा लावला. रंग लवकर वाळू नयेत म्हणून झाकणाला आतून लवंगेच्या तेलाचा बोळा चिकटवला. माझी ऐट काय विचारता! भाऊ सगळ्यांना सांगायचा, "हिच्याशिवाय माझं पान हलत नाही."

मग त्याने कालव्याकाठी ताईचे चित्र काढायला घेतले. चेहरा तेवढा राहिला आणि ऊन उतरले. त्याने तिच्या गालांचा रंग कालवून ठेवला, झाकण लावले. "ताई, उद्या याच वेळेला बस हं."

दुसऱ्या दिवशी ताई काम अर्धवट टाकून चित्रातले तेच पिवळे कपडे घालून कालव्याकाठी बसली. भाऊ नव्या मित्रांबरोबर डोंगरावर गेला होता. त्याच्या खांद्याला चकचकीत पत्र्याची विकतची पेटी होती. तरी ताई माझा बोळा बदलत राहिली. आज ना उद्या येईल, असे आम्हा दोघींनाही वाटे.

एकदा ते मित्र घरी आले. एकाने माझ्याकडे बोट दाखवले.

"ते होय? ताईचं काहीतरी जुगाड," भाऊ हसला.

ताई चहा घेऊन दारातच उभी होती. मला तर झाकणासकट जळून जावेसे वाटले. त्यानंतर तिने बोळा बदलला नाही.

त्याच्या चित्रांचे प्रदर्शन जवळ आले तेव्हा भावाला ते चित्र आठवले. त्याने मला उघडून रंगावर अंगठा दाबला. रंग दगड झाला होता.

"वाळला वाटतं. हरकत नाही, नवा कालवतो."

"कालव की," ताई मशीनवरून मान न उचलता म्हणाली. "पण मी बसणार नाही."

मित्रांनो, पेटी जुनी झाली तर खुशाल नवी घ्या. पण ओल्या रंगावर झाकण लावून कुणाला 'उद्या' म्हणालात, तर उद्या या. त्या चित्रात ताईला अजून चेहरा नाही.