मी पुसला जाणार नाही!

मी लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या एका कंपनीतला जुना ईमेलचा साचा आहे. मित्रांनो, मला जुना खुशाल म्हणा. जुनाट म्हणालात तर मात्र ऐकून घेणार नाही.

मला घडवले ते तक्रारी घेणाऱ्या काकूंनी. वर 'नमस्कार', मध्ये मजकुरासाठी मोकळी जागा, तळाला नाव आणि ठळक अक्षरांत एक ओळ: 'लिफ्टमध्ये कोणी अडकले असेल तर ईमेल लिहीत बसू नका, या नंबरवर फोन करा.' नटणेमुरडणे मला ठाऊक नव्हते. तरी सगळे ऑफिस मलाच वापरायचे आणि साहेबही काकूंना शाबासकी द्यायचे.

मग डिझाइनवाला आला. त्याने नवा साचा आणला. निळी लाट, चकचकीत लोगो, हसरे चेहरे! माझा नंबर त्याने उचलून थेट त्या चित्रात बसवला. सगळ्यांनी माना डोलावल्या आणि मला काढून टाकले. मला राग आला, अजूनही येतो.

काकू तेवढ्या हटल्या नाहीत. त्यांनी आपल्या फोनवर नवा ईमेल उघडला, तर चित्राच्या जागी नुसती रिकामी चौकट.

"नेट स्लो असेल, काकू," डिझाइनवाला म्हणाला.

"आणि लिफ्ट अडकल्यावर ते जोरात पळतं का रे?"

तो हसला. "उद्या तुमच्याकडचाही जुना साचा काढतो," म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तो माझ्यावर बोट ठेवणार, तोच फोन खणखणला. एक बाई रडवेल्या आवाजात बोलत होत्या. "आई लिफ्टमध्ये अडकलीय, तिला दमा आहे! तुमच्या नव्या ईमेलमध्ये नंबरच दिसेना. काकूंचा जुना ईमेल सापडला म्हणून फोन लागला!"

काकूंनी तत्काळ माणसे पाठवली. आजी सुखरूप बाहेर आल्या. डिझाइनवाल्याचा चेहरा एवढासा झाला आणि साहेबांनी फर्मान काढले, की नव्या साच्यात ती ओळ साध्या अक्षरांत आलीच पाहिजे.

बाकीचा मी आज जाणार आहे. जाऊ दे! त्या निळ्या लाटेखाली मी पाय रोवून उभा राहीन. मित्रांनो, नवे जरूर आणा, पण जुने फेकण्याआधी ते कोणाच्या अडीअडचणीला धावून जाते, एवढे तरी विचारा.

आणि हो, माझी ओळ नव्या साच्यात उतरवताना काकूंनी तिचे अक्षर चांगले मोठे केले आहे. लोगोपेक्षाही.