बरणीतलं कुणीतरी

मित्रांनो, मी एक जुनी चिनीमातीची बरणी आहे. भट्टीतून निघाले तेव्हा माझं पोट रिकामं होतं. पुढे घड्याळजींच्या बायकोनं माझ्यात दूध ओतून विरजण लावलं, आणि तेव्हापासून माझ्या पोटात कुणीतरी राहतं. रोज दही संपतं, चमचाभर उरतं, पुन्हा दूध पडतं, आणि ते परत हजर! घर शांत असलं की आत बारीक बुडबुड ऐकू येते.

घड्याळजी दिवसभर बसून घड्याळं दुरुस्त करत. पोट सुटलं. डॉक्टर म्हणाले, "यकृतावर चरबी साठलीय. गोड सोडा, चाला, घरचं बिनसाखरेचं दही खा."

"घ्या! आमची बरणी आता दवाखान्यात लागली कामाला," मालकीण हसली. ती वाटीभर दही पुढे ठेवायची आणि जेवणानंतर त्यांना दामटून फिरायला न्यायची. वजन उतरू लागलं. माझी काय ऐट होती तेव्हा!

मग मालकीण अचानक गेली.

तिनं लावलेलं शेवटचं दही माझ्यात होतं. घड्याळजींनी ते मोडलंच नाही. झाकणावर फडकं बांधून मला फ्रिजच्या कोपऱ्यात सारलं. फिरणं सुटलं, मिठाईचे पुडे आले. रोज दार उघडून ते विचारत, "आहेस ना गं?" आणि खरं सांगते, आतून एक बुडबुडा यायचा. मला धडकीच भरायची, कारण तो दिवसेंदिवस क्षीण होत होता. एकदा त्यांनी पुन्हा पुन्हा विचारलं. आतून काहीच आलं नाही.

लेक आली तेव्हा त्यांची तब्येत पार बिघडली होती. तिनं फडकं सोडलं.

"अहो बाबा, काय केलंत हे! विरजण असं जपतात का? खायचं आणि चमचाभर मागे ठेवायचं. आई हेच करायची ना?"

"मोडलं तर तीही संपेल गं."

"असं कोंडलंत तरच संपेल. आणि तिच्यामागे तुम्ही."

त्यांनी चमचाभर विरजण मागे ठेवून माझ्यात कोमट दूध कालवलं. दुसरा दिवस उजाडला, तरी दूध ते दूधच. घड्याळजी माझ्याजवळ बसून राहिले. दुपार कलता कलता माझं झाकण आपोआप किंचित हललं. उघडून बघतात, तर दही काठोकाठ लागलेलं.

मित्रांनो, मी काही जादूची नाही. नुसत्या दह्यानं यकृत बरं होत नाही, पायही हलवावे लागतात. पण जिवंत गोष्ट कोंडून जपू नका. वापरा, आणि थोडी मागे ठेवा.

आता घड्याळजी मला काही विचारत नाहीत. वाटी संपवून फिरायला निघताना स्वतःच्या पोटावर हात ठेवतात आणि म्हणतात, "चल गं." तेव्हा माझ्या पोटात अगदी शांत असतं. बुडबुड तिकडून ऐकू येते.