कै. जयदेव, वय एकतीस

शहाण्याला शब्दाचा मार, असं म्हणतात. दिपेशला शब्द पुरत नाहीत हे मला मंडळात पाऊल ठेवल्यापासून ठाऊक होतं. उल्हासनगरात मोबाइलचं दुकान आहे म्हणून आपल्याला कॉम्प्युटरमधलं सगळं कळतं, अशी त्याची समजूत आणि समाजातल्या म्हाताऱ्यांचीही. म्हणून आमच्या वधू-वर मंडळाचा सचिव तो. मी नुसती डेटाबेस बनवलेली बाई.

मंडळाची खोली बदलापुरात, एका डेंटिस्टच्या वर. तिथल्या जुन्या कॉम्प्युटरवर मी समाजातल्या घराण्यांची माहिती भरली होती. नुसती लग्नाच्या मुलामुलींची नाही, त्यांच्या आजा-पणज्यांचीही, कारण चुकून भावकीतच सोयरीक जुळवली तर लोक खोलीला कुलूप लावतील. इतकी नावं भरली की एकच माणूस दोनदा येतो. असे दोनदा आलेले शोधायला मी डेटाबेसला एक अ‍ॅड-इन जोडलं होतं. शेअरवेअर होतं ते, आधी फुकट वापरा आणि पटलं तर विकत घ्या असलं. आम्ही ते कधी घेतलं नाही. उघडताना ते एक चौकट दाखवून मुदत संपल्याचं सांगायचं, आपण 'नंतर' दाबायचं, की बिचारं कामाला लागायचं.

एकसारख्या नावांची जोडी सापडली की ते विचारायचं, हे दोघे एकच आहेत का? आमच्याकडे या प्रश्नाला फार किंमत आहे. आजोबा गेले की पुढच्या नातवाला त्यांचं नाव मिळतं. महेशचा जयदेव, जयदेवचा महेश, महेशचा पुन्हा जयदेव. माझा भाऊ जयदेव महेश गायकर आणि त्याच्या जन्माआधी वारलेले आमचे आजोबाही जयदेव महेश गायकर. फरक एवढाच, की आजोबांपुढे 'कै.' आणि भावापुढे 'चि.'. आजोबांची जन्मतारीख घरात कुणालाच माहीत नव्हती, ती जागा कोरी होती. अ‍ॅड-इन विचारायचं आणि मी दर वेळी 'नाही' म्हणायचे.

दिपेशला ती मुदतीची चौकट खुपायची. "शलाकाताई, लोकांसमोर इज्जत जाते यार. मुदत संपली, मुदत संपली! मंडळ है की स्मशान?" त्याने अ‍ॅड-इनची नवी आवृत्ती हेरून ठेवली होती. मी बजावलं होतं, मी नसताना हात लावू नकोस, आणि लावलासच तर आधी सगळ्याची कॉपी काढून ठेव. त्याने मान डोलावली. नंदीबैलही डोलावतो.

मी ऑफिसात असताना त्याने ती आवृत्ती बसवली. समोर आलेली एकही चौकट न वाचता नेक्स्ट, नेक्स्ट करत गेला. नवी आवृत्ती काही विचारत नव्हती. नावापुढचं कै., चि., सौ. बाजूला ठेवायचं, नाव तेच असेल आणि बाकी कशात विरोध नसेल तर दोघांना एक करायचं, असा तिचा खाक्या. कोरी जन्मतारीख कशाला विरोध करणार? शिवाय जो आधी भरलेला त्याची उपाधी टिकायची, आणि आजोबा आधी भरलेले होते.

हे झालं त्याच दिवशी दिपेशने माझ्या भावाची माहिती अंबरनाथला पाठवली.

भावाची खरवईला रोपवाटिका आहे. मुलीकडचे पहिल्याच वाक्याला फ्लॅट आणि नोकरी विचारतात, त्यामुळे त्याला नकारांची सवय झाली होती. मग अंबरनाथची जिज्ञासा गोकर्णाचा वेल घ्यायला आली, पुन्हा खत विचारायला आली, आणि घरी जाऊन म्हणाली, मला हा मुलगा बघायचाय. मंडळाकडून रीतसर माहिती जाणं एवढंच बाकी होतं. माझा भाऊ, जो मातीने भरलेल्या चपलांनी बँकेत जायचा, तो शर्टाला इस्त्री करू लागला होता. मला त्याचं फार बरं वाटत होतं.

मुलीच्या घरी कागद पोहोचला तो असा. कै. जयदेव महेश गायकर, वय एकतीस, व्यवसाय रोपवाटिका, अपेक्षा मनमिळाऊ मुलगी.

जिज्ञासाच्या आजीचा, अंजनीबाईंचा, माझ्या आईला फोन आला. "तुमचा पोरगा कवा गेला? आमाला कलवलं पन नाय."

भाऊ टेम्पोतून रोपं घेऊन कर्जतला गेला होता आणि फोन उचलत नव्हता. तो उचलेपर्यंत माझी आई स्वयंपाकघरातल्या फरशीवर बसून होती. ते मी पाहिलं. म्हणून दिपेशबद्दल मी जे बोलते त्यातला एक शब्दही मागे घेणार नाही.

"ताई, एक अक्षर आहे," मंडळात गेल्यावर तो मला म्हणाला. "एक फील्ड. अब्बी चेंज मारतो."

"दोघांना वेगळं कर आधी."

"ते विकत घेतल्यावर होतं. आणि घेतल्यानंतर जे एक होतील तेच वेगळे होतात, आधीचे नाही. मी बघितलं."

"कॉपी कुठंय?"

"जुन्याची कॉपी कशाला? नवीन आहे ना."

कीबोर्ड त्याच्या टाळक्यात घालावासा वाटला. त्याने 'कै.' खोडून 'चि.' केलं, भावाची दुरुस्त माहिती अंबरनाथला पाठवली, आणि आमचे आजोबा आमच्याच वंशावळीतून नाहीसे झाले.

अंजनीबाई मात्र अडून बसल्या. शेवटी आम्हीच अंबरनाथला गेलो, आई, भाऊ आणि मी. वडील गुडघ्यामुळे आले नाहीत. दिपेश सचिव या नात्याने न बोलावता आला आणि सोफ्यावर मधोमध बसला.

"मेल्याची खोटी खबर आली की आयुष्य वाढतं म्हनतात," आई चहा घेताना समजुतीनं म्हणाली.

"बोललेलं वेगलं, लिवलेलं वेगलं," अंजनीबाई म्हणाल्या. "त्या नावाला कै. लागलं. ते नाव माज्या नातीच्या कुंकवाला नको. पोरींची नावं बदलतातच ना लग्नात? यावेली पोराचं बदला."

"आजी, मला काही फरक पडत नाही," जिज्ञासा म्हणाली. तिचे वडील टीव्हीकडे बघत होते आणि टीव्ही बंद होता.

भावाने तिच्याकडे पाहिलं. "चालेल मला," तो म्हणाला. मला राग आला आणि त्याची दयाही आली.

"बघा, मॅटर क्लोज," दिपेश म्हणाला. "घरात तसंही सगळे सनीच म्हणतात. मावशी तर जयदेव कधीच म्हणत नाहीत. एन्ट्रीत सनी टाकतो, बात खतम."

हे खरं होतं. सासऱ्याचं नाव तोंडाने घ्यायचं नाही म्हणून आईने मुलाला जन्मापासून सनी केलं होतं. शाळेत नाव घालतानाही तिने बाईंपुढे मला उभं करून 'जयदेव' सांगायला लावलं होतं. आता नाव बदललं तर तिची उलट सोयच होणार होती. ती हो म्हणेल याची मला खात्री होती.

आईने कप खाली ठेवला. ती अंजनीबाईंशी बोललीच नाही, दिपेशशी बोलली. "सासऱ्यांना तू आदीच पुसलंस. आता पोराला पन पुसतोस?"

"मावशी, पुसत नाही, अपडेट..."

सासरे समोर बसलेले असावेत तसा तिने डोक्यावर पदर घेतला.

"जयदेव, ऊठ."

भाऊ बसूनच राहिला. आईने कुणाला हाक मारली ते त्याला कळलंच नव्हतं, त्याने दाराकडे वळून पाहिलं. मग त्याचा चेहरा बदलला. त्याने एकदा जिज्ञासाकडे पाहिलं आणि तो उठला.