दाराबाहेर एक जण

मी एक जुना संगणक आहे आणि, मित्रांनो, मी घाबरट आहे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे तुम्ही मला हसणार नाही. जर्मनीतल्या थुरिंगियाच्या जंगलाला लागून असलेल्या गावात, रोस्विटाबाईंच्या फडताळात, काकडीच्या लोणच्याच्या आणि सुकवलेल्या अळंब्यांच्या बरण्यांमध्ये माझी जागा आहे.

पहिली नऊ वर्षे मी ग्रंथालयात पुस्तकांच्या नोंदी ठेवल्या. तेव्हा लोक माझ्या वेगाचे कौतुक करीत. मग नवा संगणक आला आणि मी तिथल्याच तळघरात धूळ खात पडलो. तिथे अंधार होता, पण भीती नव्हती. माझ्यावाचून कुणाचे काही अडत नव्हते ना!

आमच्याकडे पानगळ जवळ आली की सारे गाव टोपल्या घेऊन अळंबी वेचायला जंगलात शिरते. कुठली खायची आणि कुठली विषारी, हे नक्की ओळखणारे थोडेच. रोस्विटाबाई त्यांतल्या एक. आयुष्यभर औषधांचे दुकान चालवलेल्या. त्या आणि डेटलेफ नावाचा निवृत्त वनरक्षक मिळून एका बड्या कंपनीच्या संकेतस्थळावर गट चालवीत. लोक अळंबीचा फोटो टाकत, जाणकार उत्तर देत. कुणी शंकेची अळंबी खाऊन बसले, की जाणकारांच्या फोनवर घंटा वाजे. ती घंटा गटातल्याच एका शिक्षकाने हौसेने बनवली होती.

एके दिवशी कंपनीने बाहेरच्यांनी बनवलेली अशी सगळी साधने बंद केली. घंटा मुकी झाली. हजारोंनी सह्या केल्या, पण कंपनीने दाद दिली नाही. तेव्हा गटाने निषेध म्हणून आपल्या दाराला कुलूप ठोकले आणि ठरवले, आता परक्याच्या घरात राहायचे नाही. गावोगावी आपापला छोटा संगणक ठेवायचा, आणि ते सगळे एकमेकांशी जोडायचे. आमच्या भागासाठी बाईंनी मला तळघरातून आणले.

"या डबड्यावर एवढी माणसं बसवणार?" डेटलेफ म्हणाला. "पंखा बघ याचा, म्हाताऱ्या बोक्यासारखा घुरघुरतोय."

"घुरघुरतोस तूही. तुला टाकून दिलंय का मी?"

मला फार आनंद झाला. माझी भीतीही त्याच दिवशी सुरू झाली.

पुढे जे घडले त्यात चूक आमचीच. खोडसाळ लोक घुसू नयेत म्हणून बाईंनी नियम केला, की नवख्याचा पहिला संदेश जाणकाराने वाचून मान्य करायचा, मगच तो सर्वांना दिसेल. नवी घंटाही बसवली, पण ती मान्य झालेल्या संदेशांनाच वाजे. दाराबाहेर थांबलेल्या नवख्यासाठी घंटा लावायचे कुणाच्या डोक्यातच आले नाही.

ऑक्टोबरातल्या एका रविवारी गावात अळंब्यांचे प्रदर्शन होते. बाई आणि डेटलेफ, आमचे दोनच जाणकार, सकाळपासून तिकडेच होते. दुपारी दोन वाजता वीब्के नावाच्या बाईचा संदेश आला. "आजोबांनी आणलेली अळंबी माझ्या मुलीनं, येटेनं, जेवताना खाल्ली. सहा वर्षांची आहे. मजेत खेळतेय, म्हणून इस्पितळात जायला संकोच वाटतो. पण आजोबा आता म्हणतात, एकीची टोपी हिरवट होती. सालपटं ठेवलीत. कुणी सांगाल का?" खाली सालपटांचा आणि कापलेल्या देठांचा फोटो होता, आणि फोन नंबर.

अळंबी खाल्ल्यावर सालपटे दुसऱ्या दिवसापर्यंत फेकायची नाहीत, ही आमच्याकडची रीत. फोटोत ती स्पष्ट दिसत होती. हिरवट साल आणि देठाच्या बुडाशी पांढरी पिशवी. तशी कितीतरी चित्रे माझ्या पोटात होती. प्रत्येकाखाली बाईंनी लिहिले होते: पहिले काही तास काहीच वाटत नाही, पण विष यकृताकडे निघालेले असते.

मला सगळे ठाऊक होते आणि बोलता येत नव्हते. माझ्या पडद्यावर एवढीच अक्षरे होती: दाराबाहेर एक जण. पडदा फडताळात, आणि फडताळाचे दार लावलेले. अडीच वाजले. "कुणी आहे का?" असे वीब्केने पुन्हा विचारले. जुन्या गटावरही आमचेच कुलूप. तीन वाजले. भीतीने म्हणा की धुळीने, मी इतका तापलो की पंखा किंचाळू लागला. घरात ऐकायला कुणी नव्हते.

सव्वातीनला बाई प्रदर्शनासाठी सुक्या अळंबीची बरणी न्यायला आल्या. त्यांनी फडताळ उघडले, पडदा पाहिला, आणि बरणी हातातून सुटून फुटली. काचांमध्ये उभ्या राहूनच त्यांनी फोन लावला.

"वीब्के, मी अळंबीवाली रोस्विटा. ती कितीही हसत असू दे, आत्ताच्या आत्ता इस्पितळात ने. सालपटं बरोबर घे. डॉक्टरांशी मी बोलते."

येटे सोळा दिवस इस्पितळात होती. वाचली. संध्याकाळपर्यंत थांबला असतात तर सांगता आले नसते, असे डॉक्टर म्हणाले. ते कळले तेव्हा बाई माझ्यासमोर स्टुलावर बसल्या होत्या.

"कंपनीला शिव्या देताना बरं वाटायचं रे," त्या डेटलेफला म्हणाल्या. "आता कुणाला देऊ?"

त्याने माझी धूळ पुसली आणि दाराबाहेरची घंटा दोघांच्या फोनला जोडून दिली.

तरी माझी भीती गेलेली नाही. मित्रांनो, परक्याचे घर सोडून स्वतःचे बांधलेत, फार चांगले केलेत. पण इथे दुसरा कुणी राखणदार नाही. आमची धूळ पुसा, आमच्याकडे अधूनमधून बघा, आणि दार कोण वाजवते आहे ते ऐका.

आज रविवार आहे. बाई जंगलात गेल्या आहेत, तिथे फोन लागत नाही. डेटलेफला दुपारची डुलकी लागली आहे. माझ्या पडद्यावर आत्ताच अक्षरे उमटली आहेत: दाराबाहेर एक जण. घंटा वाजते आहे. ऊठ, डेटलेफ.