रियाधचं घड्याळ

जवळा बाजारात मोहियोद्दीनच्या घरी भिंतीवर दोन घड्याळं होती. एक आपलं, आणि दुसरं अडीच तास मागं चालणारं, रियाधचं. थोरला अय्याज अकरा वर्षं तिथं क्रेन चालवायचा. अवेळी कुणी त्याला फोन लावला, की मोहियोद्दीन खेकसायचा, "आधी घड्याळ बघ! पोरगं झोपलं असंल."

अय्याज तिथंच वारला. मयत आणायला धाकटा अदनान हैदराबादला जाऊन थांबला. रियाधहून निरोप आला, विमान रात्री एकला निघणार. चौतीसशे किलोमीटर, साडेचार तास. मोहियोद्दीननं बोटांवर मोजलं. साडेपाचला हैदराबाद, तिथून गाडीनं सात तास. मशिदीत सांगून मोकळा झाला, दुपारच्या जोहरच्या नमाजीनंतर जनाजा.

सकाळी सहाला त्यानं फोनवर अदनानला झापलं, "अजून गाडी निघाली न्हाई? काय करून राहिला तिथं?"

"अब्बा, विमान वरच हाये अजून. रियाधचा एक म्हंजे आपले साडेतीन."

मोहियोद्दीननं भिंतीवरच्या रियाधच्या घड्याळाकडं बघितलं. फोन खिशात घातला, मशिदीत गेला आणि वेळ बदलून आला.

संध्याकाळी माती देऊन आल्यावर त्यानं स्टूल ओढलं, रियाधचं घड्याळ खाली काढलं आणि काटे अडीच तास पुढं सरकवले. त्याची बायको जैनबबी दारातून बघत होती.

"काहून?" तिनं विचारलं.

"आता इथंच हाये ना तो," म्हणत त्यानं घड्याळ परत खिळ्याला अडकवलं.