न तुटलेली बोट

मी टायटॅनिक बोलतेय, असं ऐटीत सांगायला मला आवडलं असतं. पण ते खोटं ठरेल, आणि खोट्याची मला आता धास्ती बसली आहे. मी तिची लाकडी नक्कल. चार फूट लांब, चार धुराडी, दोन्ही अंगांना दाभणाच्या टोकाएवढ्या खिडक्यांच्या रांगा. साउदॅम्प्टनमध्ये, इचन नदीकाठच्या नॉर्दम वस्तीत, विल्फ्रेड प्रॅग्नेल नावाच्या सुतारानं मला घडवलं.

विल्फ गोदीत कामाला होता. दुरुस्तीला आलेल्या मोठमोठ्या बोटींचे जिने, कठडे, जेवणघरांची दारं त्याच्या हाताखालून जात. मला मात्र त्यानं घरी, स्वयंपाकघराच्या टेबलावर, एकाच ओंडक्यातून कोरून काढलं. बायको वारली होती, मूलबाळ नव्हतं. संध्याकाळी जेवण झालं की तो ताटली बाजूला सारायचा आणि मला पुढ्यात घ्यायचा. माझ्या पोटातला भुसा फुंकर मारून उडवायचा. त्या फुंकरीला चहाचा आणि तंबाखूचा वास असायचा. माझ्या आयुष्यातले चांगले दिवस तेच.

तो मला त्याच्या बहिणीसाठी बनवत होता. हेस्टर त्याच्याहून दहा वर्षांनी मोठी. सोळाव्या वर्षी ती एका कुटुंबाची मुलं सांभाळायला म्हणून खऱ्या टायटॅनिकवर चढली होती. बोट हिमनगावर आदळली तेव्हा त्या कुटुंबातलं तान्हं बाळ घेऊन ती होडीत बसली आणि वाचली. परत आली, पाठोपाठ आई गेली, आणि धाकट्या विल्फला तिनंच वाढवलं. पुढे आयुष्यभर लाँड्रीत इस्त्री करत राहिली.

नॉर्दममध्ये त्या बोटीचा विषय कोणी काढत नसे. तिच्या भट्ट्यांत कोळसा टाकणारे कितीतरी पुरुष इथल्याच गल्ल्यांतले होते. पण लहानपणी विल्फ हट्ट धरायचा आणि हेस्टर त्याला सांगायची, "होडीतून मी पाहिलं, विल्फी. ती मधोमध मोडली. भांड्यांचं कपाट जिन्यावरून खाली यावं तसा आवाज झाला. मग मागचा अर्धा भाग पुन्हा सरळ झाला. मला वाटलं, आता हा तरंगणार. नाही तरंगला."

म्हणूनच मला कोरायला घेतल्यावर विल्फनं तिला विचारलं होतं, "ताई, कुठे मोडलेली दाखवू?"

"मोडलेली कशाला दाखवतोस?" ती म्हणाली. "अख्खी कर. मी चढले तेव्हा काय दिसत होती रे! तशी मला परत एकदा बघायचीय."

म्हणून मी अख्खी झाले.

माझा रंग वाळतो न वाळतो तोच विल्फला इचन नौका मंडळाचं बोलावणं आलं. दर गुरुवारी चर्चच्या सभागृहात ही मंडळी जमायची. निवृत्त अधिकारी, बँकेतले लोक, एकदोन डॉक्टर. चहा आणि डुकराच्या मांसाची गार पाई खाता खाता बुडालेल्या बोटींवर तावातावानं बोलायचं, हा त्यांचा छंद. लुसिटानियावर टॉर्पेडो एकच लागला, मग दुसरा स्फोट कसला? एम्प्रेस ऑफ आयर्लंडच्या वेळी धुक्यात वळण घेतलं कुणी? टायटॅनिकचा विषय निघाला की मग विचारूच नका. एकजण म्हणायचा, बोटीवर इजिप्तची शापित ममी होती. दुसरा म्हणायचा, वेगाचा विक्रम करायच्या नादात गेली. तिसरा टेहळणीवाल्यांच्या दुर्बिणी शोधत बसायचा. कोणी कोणाचं ऐकत नसे, पण घरी जाताना सगळे खुशीत असत.

अध्यक्ष होते कॅप्टन रेडफर्न. उंच, करड्या मिशांचे, अर्धं आयुष्य समुद्रावर काढलेले. त्यांनी मला हातात घेऊन, चष्मा कपाळावर सरकवून पाहिलं आणि म्हणाले, "अप्रतिम, मिस्टर प्रॅग्नेल!"

विल्फ कानापर्यंत लाल झाला. गोदीतल्या साहेबांनी त्याला उभ्या जन्मात 'मिस्टर' म्हटलं नव्हतं. तिथे तो 'ए प्रॅग्नेल' होता.

रेडफर्नना लोकांसाठी एक जाहीर कार्यक्रम करायचा होता. टायटॅनिक कशी बुडाली, ते प्रत्यक्ष पाण्यात दाखवायचं. विल्फनं मला घरी नेलं, पोटात पत्र्याचे आडवे पडदे बसवले, पुढच्या बाजूला भोकं पाडून त्यांना बुचं लावली, वजनासाठी शिसं भरलं. मी बहिणीची होते ती मंडळाची झाले. हेस्टरला तो म्हणाला, "चार दिवसांचा प्रश्न आहे, ताई. मग तुझीच."

कार्यक्रमाला सभागृह गच्च भरलं होतं. मध्यभागी पाण्यानं भरलेला मोठा जस्ती हौद. हेस्टर मागच्या रांगेत, मांडीवर हॅट ठेवून बसली होती. भावाचं कौतुक बघायला आली होती बिचारी.

विल्फनं बुचं काढली. थंडगार पाणी माझ्या पोटात शिरलं. माझं नाक खाली गेलं, शेपूट वर उठलं, आणि मी अख्खीच्या अख्खी, तीरासारखी तळाला गेले. टाळ्या पडल्या.

"ती अशी नाही गेली."

आवाज मागून आला होता. हेस्टर उभी होती. "माफ करा हं. पण ती मोडली. मी पाहिलंय."

रेडफर्न सौजन्यानं हसले. "बाई, आपल्या भावना समजू शकतो. पण लंडनला रीतसर चौकशी झाली. बोट अखंड बुडाली, असा निष्कर्ष आहे. अधिकाऱ्यांनी तशी साक्ष दिली आहे."

"मोडली असं सांगणारेही होते की साक्षीला."

"काळोख होता. आपलं वय सोळा. भेदरलेल्या माणसाला काय काय दिसतं!" मग त्यांनी मान वळवली. "मिस्टर प्रॅग्नेल, आपण यातले जाणकार. शिवाय भाऊ. आपलं काय म्हणणं?"

मी हौदाच्या तळाशी पडले होते. वर विल्फचा चेहरा पाण्यात हलत होता. त्यानं एकदा बहिणीकडे पाहिलं, एकदा कॅप्टनकडे.

"ताई घाबरली होती," तो म्हणाला. मग जरा मोठ्यानं, लोकांना ऐकू जाईल असं, "आणि लाकूड काही खोटं बोलत नाही."

सभागृह हसलं. त्या हसण्यात दुष्टपणा नव्हता, पण हसलं. हेस्टरनं हॅट डोक्यावर चढवली, पिन नीट खोचली आणि ती निघून गेली.

लाकूड खोटं बोलत नाही! अहो, मी एका ओंडक्याची. माझी लांबी चार फूट. मला मोडायला त्या हौदातलं पाणी पुरलंच नसतं. मी न तुटण्यानं काय सिद्ध होणार होतं? पण मला वाचा नव्हती, आणि मला हे विचारायचं कोणाला सुचलं नाही. एका खऱ्या बाईचा शब्द खोटा पाडायला माझी साक्ष काढली गेली. पाण्याबाहेर काढून विल्फनं मला पुसलं तेव्हा मला त्याचा हात नकोसा झाला.

त्यानंतर मला काचेच्या कपाटात ठेवलं. विल्फ मंडळाचा उपाध्यक्ष झाला. शाळेची मुलं रांगेनं येत, काचेला नाकं लावत. एखादी पोरगी विचारायची, "ती मोडली होती ना?" आणि विल्फ सांगायचा, "नाही बेटा, अखंड गेली. मी पाण्यात घालून पाहिलंय." दर वेळी मला वाटायचं, बुरशी लागावी, कीड लागावी, काहीही होऊन या कपाटातून सुटका व्हावी. पण विल्फनं वार्निश उत्तम लावलं होतं.

भावाबहिणीनं बोलणं टाकलं नाही. रविवारी ती त्याच्याकडे पुडिंग घेऊन जायची, तो तिच्या गळक्या खिडक्या दुरुस्त करायचा. फक्त बोटीचं नाव तिनं पुन्हा काढलं नाही. कोणी विचारलंच तर म्हणायची, "विल्फला विचारा. त्याच्याकडे बोट आहे." मंडळातले लोक हे हसत हसत एकमेकांना सांगत. विल्फ त्या वेळी चष्मा पुसत बसायचा.

वर्षं गेली. रेडफर्न गेले. विल्फच्या हाताला कंप सुटला. आणि १९८५ च्या सप्टेंबरात बातमी आली की समुद्राच्या तळाशी टायटॅनिक सापडली. थोड्याच दिवसांत हेही कळलं की ती दोन तुकड्यांत पडली आहे, एकमेकांपासून कितीतरी लांब.

मंडळात एकच गलका. नवे अध्यक्ष व्हिटलॉक, शाळेत भूगोल शिकवणारे, म्हणाले, "मला आधीपासून शंका होतीच." कपाटासमोर उभं राहून इतरही तेच म्हणू लागले. पूर्वी टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी दोघे त्यांत होते. विल्फला कोणी एका शब्दानं दोष दिला नाही. त्याच्याकडे कोणी पाहिलंच नाही.

"तुमच्या ताईंना बोलवा की पुढच्या सभेला," व्हिटलॉक म्हणाले. "प्रमुख पाहुण्या म्हणून!"

दुसऱ्या दिवशी सकाळी विल्फनं मला कपाटातून काढलं. माझं ओझं त्याला पेलेना, म्हणून शेजारणीची बाबागाडी मागून आणली आणि मला दुपट्यात गुंडाळून तीत निजवलं. रस्त्यात एक बाई बाळ बघायला वाकली. "अगं बाई! वडिलांच्या वळणावर गेलंय," ती म्हणाली. विल्फ हसला नाही.

हेस्टरनं दार उघडलं. नव्वदीला टेकलेली, पण ताठ.

"ताई, बातमी ऐकलीस?"

"ऐकली. पाय पुस."

तो आत आला. मला टेबलावर ठेवलं, आणि कोटाच्या आतून करवत काढली. "तू बरोबर होतीस. सांग, कुठून कापू? तू बोट ठेवशील तिथून कापतो."

हेस्टर त्या करवतीकडे बघत राहिली. मग तिचा आवाज चढला. हेस्टरचा चढलेला आवाज मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला.

"म्हातारा झालास तरी अक्कल आली नाही तुला. मी बरोबर होते हे मला माहीत होतं. त्यासाठी समुद्राच्या तळाशी कॅमेरे कशाला सोडायला हवेत? आणि समजा, चुकले असते. चुकतो माणूस. तरी त्या दिवशी तू काय म्हणायला हवं होतंस?"

विल्फ करवतीच्या दात्यांवरून अंगठा फिरवू लागला.

"'मी तिथे नव्हतो.' बस्स. एवढंच म्हणायचं आणि खाली बसायचं. तुला मी अंगाखांद्यावर वाढवलं, विल्फी. भर सभेत तू मला वेडी ठरवलंस. लोक हसले तेव्हा तू पण हसलास."

"हसलो," तो म्हणाला. "तो कॅप्टन मला मिस्टर म्हणाला होता गं. सगळ्यांसमोर. मला वाटलं, आता तुझी बाजू घेतली तर पुन्हा 'ए प्रॅग्नेल' होईन."

तो खुर्चीत बसून लहान मुलासारखा रडला. हेस्टरनं त्याच्या हातातून करवत काढून घेतली आणि सिंकजवळ ठेवली.

"तिला कापू नकोस," ती माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली. "तिनं काय केलंय? अख्खी कर, असं मीच म्हणाले होते."

तिनं काय केलंय! त्या एका वाक्यानं मी मोकळी व्हायला हवी होते. झाले नाही. माफी मिळाली की लाज कमी होते असं माणसं समजतात. माझी उलट वाढली.

गुरुवारी ती सभेला गेली. मलाही नेलं. सभागृह पुन्हा गच्च. तिला पुढची, गादीची खुर्ची. व्हिटलॉक टिपणं काढून तयार.

"मिस प्रॅग्नेल, बोट नेमकी कुठल्या धुराड्यांच्या मधे मोडली?"

"ते मोजायच्या मनःस्थितीत नव्हते मी."

"बँडनं शेवटचं कुठलं गीत वाजवलं?"

"ऐकू आलं नाही."

"तिसऱ्या वर्गाची फाटकं बंद होती? गोळी झाडल्याचा आवाज?"

"मी दुसऱ्या वर्गात होते. आणि होडीत माझ्या मांडीवर बाळ होतं. त्याचे पाय गार पडत होते. मी ते चोळत होते. बोट मोडली तेव्हा आवाज झाला म्हणून वर पाहिलं. नंतर माणसांचा आवाज आला. तो मी कुणाला सांगणार नाही."

लोक चुळबुळ करू लागले. त्यांना गीत हवं होतं, गोळी हवी होती. मागून कोणीतरी दबक्या आवाजात म्हणालं, "म्हातारीला आता काय आठवणार!" दोघेतिघे हसले.

विल्फ काठी टेकत उभा राहिला. त्याला वेळ लागला. "तिला जे दिसलं ते ती सांगतेय," तो म्हणाला. "जे नाही दिसलं, तेही सांगतेय. मी तिथे नव्हतो. तुम्हीही कोणी नव्हतात." मग व्यासपीठावरची आपली उपाध्यक्षाची खुर्ची सोडून तो खाली उतरला, आणि जागा नव्हती म्हणून बहिणीच्या खुर्चीशेजारी पायरीवर बसला. हेस्टरनं त्याच्याकडे न बघता पर्समधून एक पेपरमिंट काढून त्याच्या हातावर ठेवलं.

त्यानंतर हेस्टर वारेपर्यंत मी तिच्या खिडकीत होते. सकाळी केर काढताना ती माझ्या कडेवरून फडकं फिरवायची आणि क्षणभर थांबायची. विल्फही वर्षभरात गेला. घर रिकामं करणाऱ्यांनी मला मंडळाकडे पोचवलं. तिथल्या काचेच्या कपाटात आता नवी टायटॅनिक आहे, दोन तुकड्यांतली, प्लास्टिकची. मला सामानाच्या खोलीत घडीच्या खुर्च्यांच्या मागे ठेवलंय. माझं तिसरं धुराडं पडलं, ते कोणी शोधलं नाही.

भिंतीपलीकडून आवाज येतात. लोखंड ठिसूळ होतं, पत्रे जोडणाऱ्या रिबिटी कच्च्या होत्या, कोठारातला कोळसा पेटला होता, टायटॅनिकच्या नावाखाली दुसरीच बोट पाठवली होती. वाद चालू द्या, माझी ना नाही. पण कोणी टेबलावर मूठ आपटून "सिद्ध झालंय!" म्हणालं की माझ्या पोटात पुन्हा ते हौदाचं थंड पाणी शिरतं.

एवढीच विनवणी आहे. बोलण्याआधी मागच्या रांगेकडे एकदा बघून घ्या. तिथे मांडीवर हॅट ठेवून कोणी बसलेलं असेल, तर त्याला आधी बोलू द्या, आणि ते बोलेल त्याहून जास्त मागू नका.

आता दार उघडेल. आज गर्दी दिसतेय, खुर्च्या कमी पडल्या असणार. लुसिटानियाची पाळी आहे म्हणे.